रत्नाताई आणि विहिरीचं वाक्य

रत्नाताई सोनवणे गेल्याची बातमी मला त्यांच्या धाकट्या भावाने, अंकुशने, येऊन सांगितली. गळीत हंगाम चालू होता. भवानीनगरच्या कारखान्यात मी केमिस्ट, प्रयोगशाळेत रसाचे नमुने बघत होतो, तेवढ्यात वॉचमन म्हणाला, गेटवर पाव्हणं आलंय पण आत यायला तयार नाही. बाहेर गेलो तर अंकुश मोटरसायकलला टेकून उभा. "अक्का गेली," म्हणाला. "शाळंत जायची तयारी चालली हुती. शेजारणीला वाटलं चक्कर आली आसंल..." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच वेळी मनात आलं की या बहीणभावांचं गेलं वर्षभर धड बोलणं नव्हतं. भांडण होतं असंही नाही. भांडण मिटल्यावर कधीकधी मागे जे उरतं, ते होतं. आणि त्याच्या मुळाशी एका वाक्याचा वाद होता, ज्याच्याशी माझाही संबंध आला. या गोष्टीला आता महिना उलटून गेला, तरी तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितोय.

रत्नाताई बारामतीत मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. माहेर इंदापूर तालुक्यातलं. निमगाव केतकीला एसटीतून उतरून पुढे चालत जावं लागतं असं एक गाव. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्या गावाला पुन्हा त्रास नको. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आडनाव माहेरचंच लावायच्या, दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. आमची ओळख झाली ती गावकोशामुळे. बारामतीतल्या एका वाचनालयाने ठरवलं होतं की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गावांचा कोश करायचा, आणि तो कुणा एका विद्वानाने नव्हे, गावोगावच्या लोकांनी लिहायचा. प्रत्येक गावाच्या नावाची एक फाईल. ज्याला आपल्या गावाचं जे ठाऊक असेल ते त्याने कागदावर लिहून त्यात लावायचं, दुसऱ्याला ते चुकीचं वाटलं तर त्याने दुरुस्त करायचं, आणि सगळं जमलं की संगणकावर जुळवून छापायचं. परदेशात म्हणे आता संगणकाला टेलिफोन जोडून माणसं असं दुरून दुरून एकमेकांचं लिहिलेलं वाचतात. आमच्याकडे माणसं एसटीने यायची आणि समोर बसून भांडायची.

कारण ज्याला त्याला दुरुस्तीची मुभा दिली की दुसऱ्याचं खोडायचीही मुभा मिळते, हे आमच्या ध्यानात उशिरा आलं. एकाने लिहावं, दुसऱ्याने रेघ मारावी, पहिल्याने येऊन रेघेवर पुन्हा लिहावं. कागद फाटायचे. शेवटी रत्नाताईंनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक टेबल मांडलं आणि बाजारच्या दिवशी दुपारी तिथे बसायला सुरुवात केली. ज्याची नोंदीबद्दल अडचण असेल त्याने यावं. आठवड्याआड मीही त्यांच्या शेजारी बसू लागलो. एका गावात पहिला ट्रॅक्टर कुणी आणला यावरून दोन म्हातारे इरेला पेटले होते. रत्नाताईंनी दोघांना समोरासमोर बसवलं, दोघांचं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आबा, तुमच्यात एकमत होत नाही, मग तेच लिहू या. पहिल्या ट्रॅक्टरबद्दल गावात दोन मतं आहेत. हे तरी दोघांना मान्य आहे ना?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "व्हय, ते खरं हाय," एक जण म्हणाला, आणि जाताना दोघं एकाच टपरीवर चहाला थांबले. लोकांत बोलबाला झाला, की ही बाई खोडत न्हाय, ऐकून घेती.

त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या होत्या. खोडण्याआधी लिहिणाऱ्याला विचारायचं. वाक्यावर वाद असेल तर ती गोष्ट स्वतः पाहिलेल्या, त्या गावच्या दोन माणसांनी नावानिशी साक्ष द्यायची, आणि ती नावं नोंदीखाली छापायची. तिसरी म्हणजे आपल्या स्वतःच्या गावाच्या वादात टेबलाशी बसणाऱ्याने निर्णय द्यायचा नाही. हे नियम समितीने एकमताने मान्य केले. त्यातला तिसरा त्यांच्याच अंगावर येणार आहे हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

आपल्या गावाची नोंद त्यांनी स्वतः लिहिली होती. त्यात दोन वाक्यं होती. धर्मांतरानंतर गावातल्या बौद्ध कुटुंबांना जुन्या विहिरीचं पाणी दोन उन्हाळे बंद होतं. आणि लगेच पुढे, त्या काळात काही घरांनी बांधावरून पाणी दिलं. पुढच्या बाजारी पाहिलं तर दोन्ही वाक्यांवर सरळ, पट्टी लावून मारलेली रेघ. अशी रेघ मारणारा माणूस त्या गावात एकच होता. जगन्नाथ गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. रत्नाताईंना पाटी-पेन्सिल धरायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि पुढे शिकू दे म्हणून त्यांच्या वडिलांची मनधरणीही केली होती. गुरुजी पुढच्या खेपेला स्वतःच आले. "रत्ना, खोटं हाय असं मी म्हणत न्हाय," ते म्हणाले. "पर ज्यांनी केलं ते समदे मेले. आता त्यांची नातवंडं तुझ्या भावाच्या शेजारी शेती करत्यात. छापून काय मिळणार हाय?"

रत्नाताई म्हणाल्या, "गुरुजी, खोटं नाही म्हणता, मग रेघ का मारलीत?"

"गावाचं नाव जातंय, म्हणून," गुरुजी एवढंच बोलले.

त्या दिवशी रत्नाताईंनी फाईल मिटून माझ्याकडे सरकवली. पेन हातात असून त्यांनी ती वाक्यं परत लिहिली नाहीत. मला वाटलं, सोडून दिलं. पण पुढच्या बाजारी मी टेबलाशी बसलो असताना त्या दारातून आल्या त्या माझ्या शेजारच्या खुर्चीकडे न येता, अडचण घेऊन आलेल्यांच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांच्या आधी दोघं होते, त्यांचं होईपर्यंत थांबल्या. मग समोर येऊन म्हणाल्या, "मानेभाऊ, माझी दोन वाक्यं खोडलीत. ती परत घालायची आहेत. काय करावं लागेल?" मी हसलो, त्या हसल्या नाहीत. मग मी नीट सांगितलं. दोन साक्षी लागतील. त्या म्हणाल्या, "एक मी. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, आईबरोबर ओढ्यात खड्डा करून पाणी भरलंय. दुसरी आणते."

दुसरी साक्ष आणायला आम्ही दोघं गेलो. सरूआजी शेतकरी घरातल्या, सत्तरीकडे झुकलेल्या. सून म्हणून त्या गावात आल्या त्यानंतर थोड्याच वर्षांत हे घडलेलं. भर दुपारी, पुरुषमाणसं जेवून आडवी झाली की त्या विहिरीवरून घागर आणायच्या आणि बांधाच्या पलीकडे उभ्या राहिलेल्या रत्नाताईंच्या आईच्या घागरीत उंचावरून ओतायच्या. सासऱ्याने एकदा पाहिलं आणि मग तेही थांबलं. आजी हे सांगत असताना त्यांचा मुलगा मध्ये पडला. "आये, कशाला जुनं उकरतीस?" आजी म्हणाल्या, "तुला न्हाय ठावं. मला ठावं हाय. वरनं वतायचे मी... तिच्या घागरीला माझी लागू दिली न्हाय. ते बी लिव." रत्नाताई लिहीत होत्या त्या थांबल्या. "आजी, ते राहू द्या," त्या म्हणाल्या. आजी म्हणाल्या, "का ऱ्हाऊ द्या? मी केलंय ते." निमगावला एसटीची वाट पाहताना रत्नाताई एकदम म्हणाल्या, "आई सांगायची, सरू चांगली होती. एवढंच सांगायची."

दोन साक्षींनिशी दोन्ही वाक्यं परत गेली आणि कोश छापून आला. वाचनालयात पेढे वाटले. गुरुजी समारंभाला आले नाहीत. गावात महिनाभर काहीच झालं नाही आणि मग अंकुशच्या उसाकडे जाणारी वाट बंद झाली. ती वाट गुरुजींच्या पुतण्याच्या रानातून जायची, कागदोपत्री हक्क नव्हता, पिढ्यान्‌पिढ्या जात होते एवढंच. पुतण्याने आडवा चर काढला. ऊस तोडून डोक्यावरून ओढ्यापर्यंत वाहावा लागला, निम्मा वाळला. अंकुश बारामतीला बहिणीकडे आला तेव्हा मी योगायोगाने तिथे होतो. तो ओरडला नाही. "अक्का, तुझं खरं हाय," म्हणाला. "पर तू हितं ऱ्हातीस. तितं मी ऱ्हातो. पुस्तकातली ती वळ काढून टाक." रत्नाताई म्हणाल्या, "अंकुश, पुस्तक छापलंय रे. आता कशी काढू?" तो म्हणाला, "दुसऱ्यांदा छापणार हाय म्हणं. तवा काढ."

पुढचे काही महिने त्यांचे फार वाईट गेले. त्या तहसील कचेरीत वाटेसाठी अर्ज घेऊन गेल्या, गुरुजींच्या घरी गेल्या, दोन्हीकडून हात हलवत आल्या. टेबलाशी बसायच्या, पण समोरचा बोलत असताना मध्येच हरवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मानेभाऊ, मी दुसऱ्याच्या पाठीवरून खरं बोलले का हो?" दरम्यान सरूआजी गेल्या. दुसऱ्या आवृत्तीच्या दुरुस्त्या सुरू झाल्या तेव्हा रत्नाताईंनी आपली साक्ष मागे घेतली. आपली साक्ष मागे घ्यायला कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. मागे राहिली ती फक्त आजींची, आणि एकीवर वाक्य टिकत नाही. दोन्ही वाक्यं गेली. पावसाळ्याच्या तोंडाला चर बुजवला गेला. अंकुश सांगायला आला, तेव्हा रत्नाताईंनी त्याला जेवायला वाढलं, तो जेवला, आणि त्यानंतर तो बारामतीला आला तरी बाजार करून परस्पर जायचा. "त्याला माझ्यासमोर बसवत नाही," रत्नाताई म्हणाल्या. "आणि खरं सांगू का, मलाही त्याच्यासमोर बसवत नाही."

रत्नाताईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्याला मी त्यांच्या गावी गेलो. बुद्धवंदना चालू असताना गुरुजी काठी टेकत आले, मंडपात मागे बसले, फोटोला फूल वाहिलं आणि निघाले. अंकुशने त्यांना वाटेपर्यंत पोचवलं.

मागच्या बाजारी मी वाचनालयात एकटाच टेबलाशी होतो. अंकुश आला. त्या खोलीत तो पहिल्यांदाच येत होता, भिंतीवरच्या फाईलींकडे बघत उभा राहिला. मग बसून म्हणाला, "अक्काची वळ परत घालायची हाय. माझं नाव लावा."

मला विचारणं भाग होतं. "अंकुश, तू पाहिलंस का ते? तुझा तर जन्मही नव्हता."

"पाणी बंद झालेलं न्हाय पाह्यलं," तो म्हणाला. "वाट बंद झालेली पाह्यली. मग ती लिवा. अक्कानं विहिरीचं लिवलं म्हणून सोनवण्यांच्या रानाची वाट एक हंगाम बंद हुती. हे लिवा."

मी म्हणालो, "दुसरी साक्ष लागेल. गावातलीच."

"ठावं हाय," म्हणून तो उठला.

मला वाटलं नव्हतं तो इतक्या लवकर परत येईल. पण या बाजारी तो आला तो कागद घेऊनच. खाली जगन्नाथ गुरुजींची सही होती, वळणदार, शाळेच्या दाखल्यावर असायची तशी. मी अंकुशकडे पाहिलं. तो म्हणाला, "दोन येळा माघारी लावलं. तिसऱ्या येळंला म्हणाले, वाटंचं देतो. चर माझ्या पुतण्यानं काढलाय, मी पाह्यलाय. विहिरीचं मागू नगंस."

"विहिरीचं नाही म्हणाले?"

"न्हाय. ते मागू नगंस म्हणाले. मी बी मागितलं न्हाय."

मी तो मजकूर त्या गावाच्या फाईलीत लावला. लावताना माझ्या लक्षात आलं ते मी अंकुशला बोलून दाखवलं. आता नोंदीत असं असणार, की विहिरीबद्दल काही लिहिलं म्हणून वाट बंद झाली होती. पण काय लिहिलं होतं ते तर नव्या आवृत्तीत कुठेच नाही. वाचणारा अडखळणार. विहिरीचं असं काय होतं, म्हणून कुणीतरी गावात जाऊन विचारणार.

अंकुश पिशवी उचलून दारापर्यंत गेला होता. तिथूनच म्हणाला, "इचारू द्या की. गुरुजी हाईत अजून."