नवऱ्याचं रक्त शेवटी

औरंगाबादच्या आमच्या रक्तपेढीत वीज गेली की रक्त तपासणारे चाचा सदऱ्याची वरची दोन बटणं सोडत आणि काचेच्या नळ्या काखेत धरून बसत. रोग्याचं आणि देणाऱ्याचं रक्त जुळतं का, हे अंगाच्या उबेत अर्धा तास ठेवल्याशिवाय नीट कळत नाही. यंत्र बंद, तर अंग आहेच. मी त्यांच्याच हाताखाली काम शिकत होते. हसले की म्हणत, "हस बेटी. अंडी उबवायलोय."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, नोकरी साधी आणि ठसका कलेक्टरचा. डॉक्टर दारात ओरडत असले तरी चाचांचं एकच, "अर्धा तास द्या, मग बोला."

दुसरा हट्ट म्हणजे बाळंतिणीला नवऱ्याचं रक्त शेवटी, दुसरं काहीच मिळालं नाही तर. लोकांना हे पटत नसे. परक्याचं नको, घरचंच द्या, म्हणून ते भांडत. चाचा समजावत, "तिला लेकरं झाली ना? लेकरांत बापाचा अंश. बाईचं रगत त्याला वळखतंय, अन् आतल्या आत वैर धरतंय. वरून कळत नाय."

हे मला पाठ होतं. तरीही माझ्या हातून व्हायचं ते झालं.

त्या दुपारी चाचा भावाच्या मयतीला खुलताबादला गेले होते. देवगाव रंगारीची बाई, पाचवं बाळंतपण, रक्त थांबेना. तिच्या गटाची एक बाटली फ्रीजमध्ये होती, पण ती परक्याची, नवऱ्याला नको. त्याचाही गट तोच. "ताई, माझंच घ्या, पन बिगी करा," म्हणत तो पाया पडला. वीज नव्हती. मी काचेवर दोन थेंब मिसळून पाहिले, गाठी दिसल्या नाहीत, आणि त्याचं रक्त दिलं. चारचौघांत काखेत नळ्या धरायची मला लाज वाटली, हेही खरं.

अर्धी बाटली जायच्या आत तिला हुडहुडी भरली. लघवी लाल झाली. बाळ जगलं, ती दुसऱ्या दिवशी गेली.

चाचांनी आल्या आल्या तिचा आधीचा नमुना आणि बाटलीतलं उरलेलं रक्त घेऊन तपासणी पुन्हा केली, पूर्ण अर्धा तास देऊन. नळीत गाठीच गाठी, म्हणजे रक्त जुळतच नव्हतं. त्यांनी दिसलं ते लिहून साहेबांकडे दिलं आणि बाहेर गेले. पायरीवर नवरा बसला होता. "चाचा, माझं रगत कमी पडलं का वो?"

"नाय भाऊ. तू दिलंस ते लई झालं."

चाचांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

पुढे तो माणूस दरवर्षी बायकोच्या श्राद्धाच्या दिवशी रक्त द्यायला येऊ लागला. तो दिसला की चाचा मला आतल्या खोलीत धाडत आणि सुई स्वतः टोचत. मला ते कधीच रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

चाचा वारले त्या वर्षीही तो आला. बाही वर करून त्याने हात पुढे केला. सुई मीच टोचली. बाटली भरत होती आणि तो छताकडे बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "तवा तुमी मला ताटकळत ठिवलं नाय. लगेच घेतलं. ते उपकार म्या इसरलो नाय."