लीव्ह म्हणजे सोडणे

कुंडलच्या आमच्या घरात इंग्रजी येणारी मी एकटीच, तीही आठवीतली. त्यामुळे फौजेतल्या दादाची तार आली तेव्हा वडिलांनी ती न उघडताच माझ्या हातात दिली. तारेत चार शब्द: लीव्ह ग्रँटेड रीचिंग संडे.

लीव्ह म्हणजे सोडणे, हे मी नुकतंच पाठ केलेलं. शाळेची ग्रँट मंजूर झाली, असं हेडमास्तर सारखं म्हणायचे. मी दोन्ही जुळवलं आणि ठामपणे सांगितलं, दादाला नोकरी सोडायला मंजुरी मिळाली, रविवारी येतोय.

साहेबाशी भांडला असणार, असं वडिलांचं म्हणणं. आईला वाटलं, तिकडची भाकरी मानवली नसेल. शनिवारपर्यंत बातमी कडेगावला मामाकडे पोचली आणि तो एक म्हैस हाकत चालतच आला. भाच्यानं आता दुधाचा धंदा करावा, हे त्यानं वाटेतच ठरवून टाकलं होतं.

रविवारी दादा एसटीतून उतरला तो इस्त्रीच्या कपड्यांत, खुशीत. आई गळ्यात पडून रडली. शेजारचे म्हातारे पाठीवरून हात फिरवून धीर देऊ लागले. दादाही गंभीर झाला, टोपी काढून उभा राहिला. मग त्यानं वडिलांना हळूच विचारलं, "आबा, कोण गेलं?"

"कोण न्हाई रं. तुजी नोकरी गेली न्हवं?"

"आवं, मी म्हैनाभर रजेवर आलोय."

सगळे माझ्याकडे वळले. मी पुस्तक आणून अर्थ दाखवला. दादानं सांगितलं, लीव्ह म्हणजे रजासुद्धा. मामा म्हशीचा दोर धरून उभा होता. "एका शब्दाला दोन कामं कशापायी लावली?" त्यानं विचारलं.

त्यानंतर दादाच्या तारा हेडमास्तरांच्या पत्त्यावर येऊ लागल्या. म्हैस मात्र मामानं परत नेली नाही. दादाची रजा तिला वैरण घालण्यात गेली.

पुढे मी सांगलीला इंग्रजीचीच शिक्षिका झाले. तिथल्या एका जाडजूड शब्दकोशात कळलं, की हे मुळात दोन वेगळे शब्द. एकाचा अर्थ परवानगी, दुसऱ्याचा मागे ठेवून जाणं. झिजत झिजत दोघे एकसारखे दिसू लागले. मी मुद्दाम कडेगावला जाऊन मामाला हे सांगितलं.

"जुळी पोरं झाली तरी नावं येगळी ठेवत्यात की गं," तो म्हणाला.