हातचं राखून

ललिताबाईच्या शिकवणीला जायचं तर आधी कान घट्ट करून जावं लागतं. लाखनीच्या हायवेपासून आत, तलावाच्या पाळीला लागून तिचं गाव आहे. दर बुधवारी दुपारी धुणीभांडी आटोपली की गावातल्या बाया तिच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, जमतात. येताना घरून डाळ, भाजी, जे रांधायचं ते घेऊन येतात. बाई शिकवते स्वयंपाक, पण आरंभ होतो तो शिव्यांनी. कोणाच्या भाजीवर तेलाचा तवंग दिसला की ती विचारते, ही भाजी होय का दिवा लावायचाय. पालेभाजी उकडून तिचं पाणी पिळून फेकणारीला सांगते की सत्त्व मोरीत घातलंस, आता चोथा खा आणि डॉक्टरला पोस. केशरबाई नावाची एक जाडजूड बाई तिच्याकडून दर आठवड्याला बोलणी खाते आणि तरी सर्वांत आधी येऊन बसते. दुसरीला शिव्या बसताना ऐकायला फार गोड लागतं, हे त्यामागचं खरं कारण.

ही बाई जन्मापासूनच अशी नाकावर राग घेऊन आलेली. पण स्वयंपाकाचं वेड तिच्या डोक्यात शिरलं ते नवऱ्यामुळे. हेमराज एका सकाळी बांधीतून, धानाच्या शेतातून, परत आला तो वाकड्या तोंडाने. उजवा हात लुळा पडलेला, जिभेवर शब्द चढेना. लाखनीच्या डॉक्टरांनी औषधं लिहिली आणि सांगितलं, तेल-मीठ आवरा, नाहीतर दुसऱ्या झटक्याला माझ्याकडे आणू नका. ललिताबाई डॉक्टरांवरही चिडली, कारण आजवर नवऱ्याला तिने जे जीव लावून वाढलं होतं त्यालाच तो माणूस विष म्हणत होता. घरी आली, आदळआपट केली, आणि मग तेलाचा पिपा पलंगाखाली ढकलून दिला. पुढे बचत गटातून लाखनीला एक प्रशिक्षण होतं, तिथे गेली, शिकवणाऱ्या मॅडमशीही भांडली आणि शिकून आली. हेमराज हळूहळू सुधारला, पुढल्या रोवणीला बांधीवर उभा राहिला. मग ही बाई कोणाची ऐकते?

शिकवणीला पैसा नाही, पण एक अट आहे. जी शिकेल तिने आणखी एका घरी जाऊन शिकवायचं, आणि पूर्ण शिकवायचं. हातचं राखून शिकवणारीला सपरीवर पाय ठेवू देणार नाही, असं ती पहिल्याच दिवशी सांगते. ही अट ती फार तावातावाने सांगते. तिच्या त्या तावाचं मूळ भिंतीपलीकडे आहे.

भिंतीपलीकडे पार्वताबाई राहते, ललिताबाईची थोरली जाऊ. घर एकच होतं, दोघा भावांनी मधोमध मातीची भिंत घातली आणि दोन दारं केली. भिंत छताला पोचत नाही, वर हातभर जागा मोकळी आहे, त्यामुळे इकडच्या फोडणीने तिकडे ठसका लागतो. पण दोघी जावांत बोलणं नाही. वाटण्या शेतीच्या झाल्या, बैलांच्या झाल्या, त्यात कोणी कोणाला फार लुबाडलं नाही. भांडण झालं ते पातोडीवरून.

ललिताबाई नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. नणंदेला बघायला साकोलीहून पाहुणे यायचे होते. पार्वताबाईच्या हातची पातोडी पंचक्रोशीत नावाजलेली. बेसन शिजवून थापून वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्शात सोडायच्या. सासूने सांगितलं, या खेपेला धाकटीला करू दे, तिलाही यायला हवं. पार्वताबाईने शिकवलं. मीठ किती, ओवा किती, पाणी किती, सगळं सांगितलं. ललिताबाईने शेवटी विचारलं होतं, बाई, आणखी काही राहिलं का? पार्वताबाई म्हणाली, काही नाही राहिलं, एवढंच होय. आणि पाहुण्यांच्या ताटात पातोडी पडली तशी विरघळली. साकोलीच्या म्हाताऱ्याने बोट बुडवून विचारलं की हे पिठलं कोणी केलं, आणि पंगतीत हसू पिकलं. पीठ थापण्याआधी झाकण ठेवून त्याला दणकून वाफ आणावी लागते, हे ललिताबाईला नंतर माहेरी कळलं. तोवर गावाने तिचं नाव पिठलंवाली ठेवून दिलं होतं. त्या दिवसापासून तिने पातोडी केली नाही आणि जावेला बाई म्हटलं नाही.

तर ही शिकवणी सुरू झाली आणि थोड्या दिवसांत ललिताबाईच्या ध्यानात आलं की बुधवारी दुपारी पलीकडचं सूप थांबतं. पार्वताबाई दुपारभर तांदूळ पाखडत बसायची, त्याचा फटफट आवाज भिंतीवरून यायचा. इकडे ललिताबाईने तोंड उघडलं की तिकडे सूप मुकं. आणि दुसऱ्या दिवशी, इकडे शिकवलेल्या जवसाच्या चटणीचा, बिनतेलाच्या वांग्याचा वास तिकडून यायचा. पार्वताबाईला साखर होती, गोळ्या चालू होत्या, साऱ्या गावाला ठाऊक होतं. म्हातारी भिंतीला कान लावून आपला जीव वाचवायचं शिकत होती. दुसरी कोणी असती तर तिला दया आली असती. ललिताबाईच्या अंगाचा भडका उडाला. समोरच्या दाराने येऊन बस म्हणायला ललिताबाईची जीभ कापली असती, आणि यायला पार्वताबाईचे पाय.

मग तिने एक रीत काढली. रांधायची कृती ती भिंतीकडे तोंड करून ठणठणीत आवाजात सांगायची आणि ज्या एका गोष्टीवर सगळं अडलेलं असतं ती बायांना जवळ घेऊन, आवाज पार खाली आणून. मोकळ्या आवाजात सांगायची, अंबाडीची भाजी अशी शिजवा. हळूच सांगायची की थोडी तुरीची डाळ आधी घाला, मग आंबटपणा मुरतो आणि मीठ कमी लागतं. बायांना यात मजा वाटायची. एकमेकींना कोपर मारत त्या पुढे वाकायच्या. पलीकडे भाजी बिघडल्याचा वास आला की ललिताबाई त्या दिवशी दोन घास जास्त जेवायची. तिची सून मोना एकदा म्हणाली, आई, हे बरं नाही. ललिताबाई म्हणाली, हे मी तिच्याचपासून शिकली. आपण सपरीवर घातलेली अट तिला तेव्हा आठवली नाही. आठवली असती तरी तिने ती बाकीच्या जगासाठी आहे असंच म्हटलं असतं.

धान पोटरीवर आलं होतं तेव्हाचा तो बुधवार. विषय होता पेज. या भागात भात भरपूर पाण्यात शिजवतात आणि वरचं पांढरं पाणी गाळून गोठ्यात ढोरांना घालतात. ललिताबाईला याचाच संताप. ती भिंतीकडे वळून गरजली की पेज फेकू नका, कामाच्या माणसाला पेजेसारखी ताकद नाही, सकाळी तांब्याभर प्या आणि शेतावर जा. मग ती थांबली. पुढचं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. तिने भिंतीच्या वरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. पलीकडे सूप गप्प होतं. ललिताबाईने बायांना जवळ बोलावलं आणि अगदी हळू सांगितलं, साखर असणाऱ्यांनी मात्र पेजेला तोंड लावायचं नाही, त्यांनी भातच मूठभर घ्यायचा. त्या दिवशी कोणी कोपर मारलं नाही. केशरबाईने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा ललिताबाईकडे, आणि डाळीचं भांडं काखेत मारून घरी गेली.

दोन-चार दिवसांनी पलीकडची म्हैस संध्याकाळी रेकायला लागली. रोज त्या वेळेला तिच्या घमेल्यात पेज पडायची, ती पडेना. ललिताबाई अंगणात उभी राहून ते रेकणं ऐकायची. पेज कोणाच्या पोटात जाते आहे हे तिला नीट कळलं होतं. पार्वताबाईच्या अंगठ्याला बांधीतला खुंट लागून जखम झाली होती, तीही तिला ठाऊक होती. नळावर बाया त्या जखमेबद्दल बोलत, भरत नाही म्हणत. आज सांगू, उद्या सांगू असंही ललिताबाईला वाटलं नाही, उगाच खोटं कशाला बोला. तिला वाटलं, इतक्या वर्षांनी हिला कळू दे की अर्धं शिकणं काय असतं. हेमराज बाजेवरून म्हणाला, वहिनीची म्हैस काहून ओरडते? ललिताबाईने त्याला ताट वाढलं.

पार्वताबाई तलावावर धुणं धुताना कोसळली. तिचा नवरा घनश्याम ओल्या लुगड्यानिशी तिला ऑटोत घालून लाखनीला घेऊन गेला, तिथून भंडाऱ्याला पाठवलं. साखर कुठल्या कुठे गेली होती आणि जखम आत सडली होती. डॉक्टरांनी विचारलं, खाता काय? घनश्यामने मोठ्या अभिमानाने सांगितलं, आता तर सारं पौष्टिकच चालू आहे साहेब, रोज सकाळी तांब्याभर पेज. डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. अंगठा काढावा लागला, शेजारचं बोटही. पार्वताबाई घरी आली ती पायाला पांढरं गाठोडं बांधून.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि या बातमीत तर प्रत्येकीचा वाटा होता. त्या बुधवारी सपरीत बसलेल्या साऱ्या बायांनी ते वाक्य ऐकलं होतं. शिकेल तिने एका घरी शिकवायचं, ही अट त्यांनाही लागू होती, आणि भिंतीपलीकडचं घर सोडून त्यांनी साऱ्या गावाला शिकवलं होतं. पण आपला वाटा कोण कबूल करतं? सगळ्यांनी मिळून ललिताबाईचं नाव घेतलं. जावेला पेज पाजून मारायला निघाली होती, असं नळावर बोललं गेलं. पुढच्या बुधवारी सपरीत कोणी आलं नाही. केशरबाई तेवढी दारापर्यंत आली, पायरी चढली नाही. "आमीबी ऐकलं होतं अन् आमीबी चूप राह्यलो," ती म्हणाली. "पण सपरी तुही होती." एवढं बोलून ती वळली.

हेमराज त्या झटक्यापासून तसा कमीच बोलायचा. त्या दुपारी तो बाजेवर उठून बसला आणि वाकड्या तोंडातून एकेक शब्द काढत म्हणाला, "मोठ्यानं बोलली असती तं तुहं काय गेलं असतं?"

ललिताबाई त्याच्यावर उसळली. माझी पातोडी फुटली तेव्हा तुमची ही वहिनी कुठे होती, असं म्हणाली, पिठलंवाली हे नाव तुम्ही ऐकून घेतलंत असं म्हणाली, आणखीही बरंच म्हणाली. बोलता बोलता तिचा आवाज चिरका झाला, आणि तिला स्वतःलाच ऐकू आलं की विरघळलेल्या बेसनाच्या वड्यांच्या बदल्यात आपण एका बाईच्या पायाची बोटं घेतली. तिला स्वतःची किळस आली. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि माफी हा शब्द त्या तोंडातून आजवर निघाला नव्हता, तो त्या दिवशीही निघाला नाही.

ती उठली आणि रिकाम्या सपरीत, नेहमीच्या जागी, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पलीकडे सूप वाजत होतं. तिने घसा खाकरला आणि सूप थांबलं.

"साखर असन त्यानं पेज नाही प्याची," ती तळ्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "घोटभर बी नाही. पेज म्हशीले घालाची. भात एक मूठ घ्याचा, अन् भाजी त्याच्या दुप्पट. डाळ घट्ट करा, पाण्यासारखी नोको. अंबाडीत तुरीची डाळ आधी टाका, मंग मीठ कमी लागते. जवस कोरडेच भाजा, तेल नाही लागत. गोळी खाऊन उपाशी नोको राहू."

जे जे तिने हळू सांगितलं होतं ते सगळं ती आठवून आठवून बोलली. मोना आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. बोलणं संपलं तेव्हा ललिताबाईला धाप लागली होती.

मग भिंतीवरून पार्वताबाईचा आवाज आला. कितीतरी वर्षांनी तो आवाज या घराशी बोलत होता, आणि त्यात ओलावा अजिबात नव्हता.

"आता हळू काय बोलली, थे सांग."

"काही नाही राह्यलं, बाई," ललिताबाई म्हणाली. "एवढंच होय."

"पातोडीच्या दिवशी मी बी तुले असंच सांगतलं होतं."

ललिताबाई भिंतीकडे पाहत उभी राहिली. भिंतीवरून आता ती कितीही ओरडली असती तरी पलीकडच्या बाईला प्रत्येक वाक्याच्या मागे एक न बोललेलं वाक्य ऐकू आलं असतं. आणि त्यात त्या बाईची चूक नव्हती. ललिताबाईने आतून तुरीची डाळ घेतली, अंबाडीची जुडी घेतली, आपलं भांडंही घेतलं, कारण त्या घरचं भांडं मागायची तिची लायकी उरली नव्हती. दार ओलांडून, अंगणाला वळसा घालून ती दुसऱ्या दारातून आत गेली.

पार्वताबाई चुलीजवळ खाटेवर पाय लांब करून बसली होती. तिने बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. पायावर पदर ओढावासाही तिला वाटला नाही. ललिताबाईची नजर त्या पांढऱ्या गाठोड्यावर गेली आणि तिथून हलेना. ती काहीतरी बोलायला गेली.

"तोंडानं सांगू नोको," पार्वताबाई म्हणाली. "माह्यासमोर कर."

ललिताबाई खाली बसली, चुलीत काटक्या सरकवल्या आणि डाळ धुवायला घेतली. पार्वताबाई तिच्या हातांकडे डोळे लावून होती, आणि डाळ शिजेपर्यंत तिने एकदाही नजर काढली नाही.