गोदाला पण घेऊन ये

काल आमच्या कुमुदकाकू गेल्या. त्यांनी ग्वाल्हेरमध्ये सोडलेले व्हँपायर मात्र अजून इथेच आहेत.

घाबरू नका. कादंबरीतले.

काकू म्हणजे माझ्या सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई. काका लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले. काकूंनी बाड्याच्या चौकातल्या बँकेत नोकरी केली, रिटायर झाल्या आणि गोरखीजवळच्या दोन खोल्यांत बसून मोबाइलवर एका बोटाने कादंबरी लिहायला घेतली.

चॅप्टर झाला की मला व्हॉट्सॲपवर यायचा. खाली एकच ओळ. "वाच आणि खरं सांग."

मला वाटलं होतं, देवाधर्माचं काहीतरी असेल. निघाले व्हँपायर.

"काकू, हे कुठून सुचलं?"

"अगं, तुझ्या पोरीच्या लॅपटॉपवर बघितलं ना. तिकडे बर्फात फिरतात बिचारे. मी म्हटलं, आपल्या लश्करात, इथल्या जुन्या मराठी गल्ल्यांत आले तर?"

कादंबरीचा काळ संस्थान विलीन झाल्यानंतरचा. राजधानी भोपाळला गेली. तिच्या मागे कचेऱ्या गेल्या, आणि कचेऱ्यांच्या मागे आपली मराठी बिऱ्हाडं. दौलतगंजातली घरं रिकामी पडली आणि तिथे नवे भाडेकरू आले.

सभ्य. गोरेपान. दिवसा न दिसणारे.

व्हँपायरचा नियम ठाऊक आहे ना? बोलावल्याशिवाय त्यांना कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही.

आणि आपल्याकडे आली संक्रांत.

शेजारच्या प्रमिलाबाई रीतीप्रमाणे नव्या बिऱ्हाडाच्या दारात हळदीकुंकवाचं बोलावणं करून येतात. आतलं माणूस नजरेसही पडलेलं नाही. तरी बंद दाराला सांगतात, "संध्याकाळी सगळ्याजणी या हं!"

झालं. सगळ्याजणी आल्या.

हे वाचताना माझा चहा सांडला. असली चूक फक्त आपणच करू शकतो.

आता हिरॉइन. गोदा. प्रमिलाबाईंची विधवा जाऊ. जाड भिंगांचा चष्मा, दुखरे गुडघे, बोलणं कमी. तलवार वगैरे काही नाही. विधवा म्हणून तिला हळदीकुंकवाचं बोलावणं नसतं, त्यामुळे ती ओसरीवर बसते. आणि बाहेर बसल्यामुळे तिला एकटीलाच दिसतं, की या नव्या पाहुण्यांची सावलीच पडत नाही.

इथे कादंबरी अडकली. गोदा ओसरीवर, आत घरच्या बायका व्हँपायरांच्या पंगतीला. दिवाळी येऊन गेली तरी गोदा जागची हलेना.

मी वैतागले. "काकू, जाऊ द्या ना तिला आत! कोण अडवतंय?"

"कोणी अडवत नाही गं," काकू म्हणाल्या. "बोलवत पण नाही."



आमच्याकडेही संक्रांतीला काकूंचा तिळगूळ दुसऱ्या दिवशी डब्यातून जायचा. त्यावरून कधी भांडण झालं नाही. कुणी कधी काही बोललंच नाही.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, "मी नाही वाचत असलं भुताखेताचं" असं सगळ्यांना सांगायच्या. दुपारी माझा मोबाइल मात्र गायब असायचा.

एक दिवस चष्मा लावून माझ्यासमोर आल्या.

"ती प्रमिला मतलब मीच ना?"

"नाही हो आई. काल्पनिक असतं ते सगळं."

"मला नको शिकवू. माझीच निळी इरकल नेसवलीय तिला. बिल्कुल तीच, काठासकट."

मग त्यांनी अबोला धरला. माझ्याशी, काकूंशी, मोबाइलशीही. मला वाटलं, संपलं. कादंबरीही संपली आणि उरलंसुरलं येणंजाणंही.

या संक्रांतीला सकाळी आई कुंकवाचा करंडा घेऊन निघाल्या. कुणालाही न सांगता, गुडघ्याला पट्टा बांधून. मी चपला घालून मागोमाग.

काकूंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"वहिनी? क्या हुआ? सगळं ठीक आहे ना?"

"संध्याकाळी हळदीकुंकू आहे. ये."

काकू करंड्याकडे बघत राहिल्या. "मी?"

"तूच. और सुन, त्या गोदाला पण घेऊन ये. केव्हाची बाहेर बसवून ठेवलीय बिचारीला."

मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत होते. रडू येत होतं म्हणून.

संध्याकाळी काकू आल्या. आईंनी पहिलं कुंकू त्यांनाच लावलं. पाहुण्यांतल्या एक बाई काहीतरी पुटपुटल्या, तर आईंनी त्यांच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. यंदा पाक बिघडून लाडू दगड झाले होते. बाईंचं तोंड बराच वेळ गुंतून राहिलं.

त्याच आठवड्यात शेवटचा चॅप्टर आला.

प्रमिलाबाई दारात येऊन म्हणतात, "गोदा, आत ये." गोदा आत जाते. एकेका पाहुणीसमोर बसते आणि आपल्या बायका विचारतात तेच विचारते. कुठल्या तुम्ही? माहेर कुठलं? घरी कोण कोण असतं?

एकीलाही उत्तर देता येत नाही.

मग गोदा म्हणते, "निघा."

घरच्या माणसाने निघ म्हटलं की व्हँपायरला निघावंच लागतं. गोदा आता घरची होती.

मी लिहिलं, "काकू, जमलं."

उत्तर आलं, "हो. मी पण रडले."

काल काकूंना नेताना आई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी वाकून काकूंच्या कपाळावरून हात फिरवला.

"कुमुद," त्या म्हणाल्या, "आता बोलावण्याची वाट बघत बसू नको. कधीही ये."

नियम तर तुम्हाला ठाऊकच आहे.

काकू, जडजड शब्द तुम्हाला आवडायचे नाहीत, म्हणून फक्त नमस्कार करते.

दार उघडं आहे. गोदाला पण घेऊन या.