टाचेचं दुखणं

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. टाचेचं हाड वाढलं होतं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, अगदी कमी मात्रेचं रेडिएशन देऊन बघू.

म्हणून मी कॅन्सर विभागाच्या बाकावर बसले होते. शेजारच्या बाईंनी डोक्याला रुमाल बांधला होता.

"तुमचं कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"टाचेत."

"अगं बाई, टाचेतही होतो?" त्यांनी माझा हातच धरला.

"नाही हो, कॅन्सर नाही. नुसतं हाड वाढलंय, दुखतं म्हणून आले."

तिथं बसून हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या बाई माझा हात तसाच धरून समोर बसलेल्या नवऱ्याला मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? ह्यांना नाहीये!"

टाच पुढे हळूहळू दुखायची थांबली. मशीनखाली मला काही जाणवलं नाही, दिसलंही नाही. पण आपल्या वाट्याला न आलेलं सुख दुसऱ्याकडे आहे, एवढ्यानं उजळलेला चेहरा मी त्या दिवशी अगदी जवळून पाहिला.