कांड्या कोणी भरल्या

माझ्या आईनं तीस वर्षं केलेलं काम मी एका गेममधून पुसून टाकलं. मुद्दाम नाही, पण टाकलं. ते परत आणायला मला जो खटाटोप करावा लागला आणि त्यात जो मनस्ताप झाला, तो इथे सांगते.

गेम तलवारी-जादूचा आहे. बर्फाचे डोंगर, पडके किल्ले, डोक्यावरून उडणारे, आग ओकणारे अजगर. माझं वय, माझं ऑफिस आणि हा गेम यांचा काही मेळ बसत नाही, असं आमच्या नातेवाइकांचं मत आहे. असू द्या. मूळ गेममध्ये कोणालाच भूक लागत नाही. बर्फात उघडं फिरलं तरी शिंक येत नाही. पण खेळणाऱ्या हौशी लोकांना त्यात आपापली भर घालता येते, तिला मॉड म्हणतात. मी दोन मॉड घातले होते. एकामुळे माझ्या पात्राला भूक, थंडी आणि थकवा मिळाला. दुसऱ्यामुळे जगायला लागणाऱ्या वस्तू हातानं बनवाव्या लागायच्या. लोखंड वितळवण्यापासून तलवारीला धार लावेपर्यंत सात पायऱ्या. कातडं कमवायला पाच. आणि कापडाला? धाग्यासाठी जवसाची चार झाडं उपटा, टेबलासमोर उभे राहा, एक बटन दाबा. झालं कापड.

ज्यानं हे बनवलं त्याच्या अंगावर त्या वेळी काय होतं, मला विचारायचं आहे. सदरा घालूनच बसला असेल ना? लोखंडाचा एवढा पुळका आणि कापड म्हणजे जणू आभाळातून पडतं. मी उमरेडच्या विणकराची मुलगी. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

दोन वर्षांपूर्वी बाबांचे गुडघे गेले. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसणं जमेना, तेव्हा माग मोडून मी दोघांनाही शहराकडेला, बेशाला माझ्या फ्लॅटवर आणलं. आई आठ दिवसांत रुळली. भाजीवालीपासून वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणीपर्यंत सगळ्यांची खबर तिला. बाबा मात्र बाल्कनीत बसून समोर चढत असलेली बिल्डिंग बघायचे. बोलायचेच नाहीत. चहा देऊ का विचारलं तर मान हलवायचे, आणि ती होकाराची की नकाराची हेही आपणच ठरवायचं.

एका रविवारी ते माझ्या खुर्चीमागून जात होते आणि नेमकं मी ते बटन दाबलं. कापडाचा गठ्ठा पिशवीत पडला. बाबा थांबले.

"हे कोनं विनलं वं?"

"मी."

"कवा?"

"आत्ताच. बटन दाबलं ना."

बाबांनी स्टूल ओढलं. "हे काय कापड झालं? ताना कुठं हाय? खळ कुठं हाय? काहीच्या काही करून राह्यले लेकाचे."

कित्येक महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते. मी त्याच दिवशी ठरवलं, विणकामाचा मॉड आपणच करायचा. मॉड कसा करतात ते व्हिडिओ बघून शिकले. दर रविवारी दुपारी बाबा सांगायचे आणि मी बसवायची. उभे धागे किती, फणीतून कसे ओवायचे, आडवा धागा नेणारा धोटा कोणत्या हातानं फेकायचा. ताण्याला, म्हणजे त्या उभ्या धाग्यांना, खळ लावून कडक करायचं काम त्यांनी तीन रविवार सांगितलं. ते पहाटे गल्लीत होतं, ऊन चढायच्या आत, आणि एकट्याचं नाही. शेजारचे चार जण येतात आणि उद्या त्यांच्या ताण्याला आपण जायचं. मी तेही घातलं. गावातले चार लोक बोलावल्याशिवाय खळ लागणार नाही, आणि तुम्ही त्यांच्याकडे गेला नाहीत तर पुढच्या वेळी ते येणार नाहीत. बाबा खूश झाले. "आता बराबर हाय," म्हणाले.

आई तिथेच असायची. खाली बसून लसूण सोलायची, नाहीतर तांदूळ निवडायची. बाबा "मी बसलो का मागावर, दिवसाला एवढं उतरवत होतो" म्हणायचे तेव्हा ती एकदा वर बघायची आणि परत ताटात. मला वाटायचं तिला या गेममध्ये गम्य नाही.

आणि इथेच मी माती खाल्ली. धोट्यात जी कांडी बसते, आडव्या धाग्यानं भरलेली, ती आणायची कुठून, असा प्रश्न आला तेव्हा मी ती गेममधल्या वाण्याच्या दुकानात ठेवून दिली. भरलेल्या कांड्या, एका वेळी वीस. बाबांनी काही म्हटलं नाही. मलाही काही खटकलं नाही.

मॉड आम्ही इंटरनेटवर टाकला. लोकांनी उतरवून घेतला आणि लगेच रडारड सुरू. फार वेळ लागतो. शेजाऱ्यांकडे जायची सक्ती कशाला. आम्हाला अजगर मारायचे आहेत, घरकाम नाही करायचं. तलवारीच्या सात पायऱ्या यांना चालतात, तिथे कोणी घरकाम म्हणत नाही. बाबांना मी मराठीत सांगत होते आणि ते म्हणाले, "त्याइनं मागाचं तोंड तरी पाह्यलं काय?" आम्ही दोघं मिळून जगावर चिडलो होतो. त्यात एक सुख होतं, खोटं कशाला बोलू.

मग एकानं साधी तक्रार लिहिली. दुकानातल्या कांड्या संपल्या की माग बंद पडतो, रिकाम्या कांड्या परत भरता येत नाहीत. हा दोष आहे का?

मी बाबांना विचारलं, "कांड्या कशा येतात दाखवायच्या?"

"कांड्या का," बाबा म्हणाले, "त्या असतेतच ना वं. घरात असतेतच."

आईच्या हातातली लसणाची पाकळी ताटात पडली.

"असतेत म्हने," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पाच वाजता उठून रहाटावर बसत होती थे कोन होती? सैपाक झाला का कांड्या, भांडे झाले का कांड्या. ह्या पोट्टीच्या वक्ताले नववा महिना लागला होता, तरी भरत होती. तुमचा धोटा एक दिवस तरी थांबला काय माह्यासाठी?"

बाबा बाल्कनीकडे बघायला लागले. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण मला सगळं आठवलं. बाबा मागातून नुसतं "कांडी" म्हणून हाक द्यायचे आणि आई हातातलं टाकून उठायची. शाळेत जाण्याआधी मी स्वतः तिच्या रहाटाशी बसून कांड्या भरल्या आहेत. सूत तुटलं की बोट कापायचं. आईच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर आजही खाच आहे. विणकर सोसायटीच्या कार्यक्रमात बाबांना शाल-नारळ मिळाला तेव्हा ती मागे बायकांत बसली होती, आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या. मी बाबांना खूप बोलले. गल्लीतले चार शेजारी लक्षात राहिले आणि घरातली बाई नाही राहिली, असं म्हणाले. ते खरंच होतं. पण दुकानात त्या कांड्या मी ठेवल्या होत्या. बाबांनी नव्हे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसहून आल्यावर मी आईला म्हटलं, आता एक बाई घालते, रहाटावर बसून कांड्या भरणारी. तिच्याशिवाय माग चालणारच नाही.

आईनं थोडा विचार केला. "तिले भूक लागते काय?"

मला कबूल करावं लागलं. भूक, थंडी, थकवा हे सगळं खेळणाऱ्याच्या पात्रालाच असतं. त्याच्याबरोबर जे मदतीला असतात, ते न खाता-पिता राबत राहतात. तो मॉड तसाच बनवलेला आहे.

"मंग तर बराबरच बनवलं त्याइनं," आई म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

हे मला झोंबलं. तीन आठवडे लागले, पण मी त्या बाईला भूक दिली. थकवा दिला. पाठ दुखणं हे त्या मॉडमध्ये नव्हतंच, ते मी नवीन घातलं. तिला वेळेवर जेवायला दिलं नाही तर रहाट थांबतो, रहाट थांबला की कांडी नाही, आणि कांडी नाही तर माग नाही. इंटरनेटवर परत बोंब झाली. म्हणे, ही बाई मध्येच काम सोडून बसते, दुरुस्त करा. मी उत्तर लिहिलं की तिच्यात काहीही बिघडलेलं नाही. एवढंच लिहिलं, कारण मनातलं पुढचं छापण्यासारखं नव्हतं.

त्या रविवारी बाबांना मी खुर्चीवर बसवलं. दीड वाजायला आला होता, जेवणं व्हायची होती. भांडणानंतर ते माझ्याशी जपूनच बोलत होते. आई मागे उभी राहिली, पहिल्यांदाच एवढी जवळ. बाबांनी मी शिकवल्याप्रमाणे बटनं दाबली. माग चालू झाला, पडद्यावर लुगडं इंचाइंचानं वाढायला लागलं, अर्ध्याच्या वर गेलं. बाबांचा चेहरा उमरेडला असायचा तसा झाला. आणि माग थांबला.

"काहून थांबला?"

"तिनं सकाळपासून खाल्लं नाही, बाबा. पिशवीत भाकर आहे. ती द्या, मग पुढे चालेल."

बाबांनी पडद्यावरच्या बाईकडे पाहिलं, मग लुगड्याकडे. त्यांचा हात त्याच बटनावर होता आणि ते पुन्हा पुन्हा दाबत होते.

"एवढं लुगडं उतरू दे पयले," ते म्हणाले, "मंग देजो तिले."

माझ्या तोंडाशी काय काय आलं. इतके महिने खपून, इतकं बोलून, इतकं भांडून पुन्हा तेच. मी खुर्ची मागे ओढणार होते.

पण आई त्याआधीच हलली होती. ती स्वयंपाकघरात गेली, ताट घेतलं, वरण-भात वाढून घेतला, वर तुपाची धार सोडली, लोणचं घेतलं. बाबांचं ताट काढलं नाही, माझंही नाही. बाबांच्या आधी ती जेवायला बसलेली मी माझ्या जन्मात पाहिली नव्हती. टेबलाशी बसून तिनं पहिला घास घेतला आणि आमच्याकडे बघितलं.

"होऊ द्या तुमचं आरामात," ती म्हणाली.