जन्मवेळ माहीत नाही

माझी जन्मवेळ कुणालाच माहीत नाही. मलाही नाही आणि मला जन्म देणाऱ्या बाईलाही नाही. यात लाजण्यासारखं काय आहे, ते मला अजूनही कळलेलं नाही.

पण लग्न ठरायची वेळ आली आणि तेवढ्यावरच सगळं अडलं. हडपसरच्या आयटी पार्कमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलाशी मला लग्न करायचं होतं, त्यालाही माझ्याशीच. त्याच्या आईचं म्हणणं एकच, "जात-बित आम्ही बघत नाही. पत्रिका तेवढी जुळली पाहिजे." म्हणजे दार सताड उघडं आणि उंबऱ्यावर मंगळ बसलेला.

घरी येऊन आईला विचारलं. माझा जन्म वाशीमकडच्या खेड्यातला. बाबांना इथल्या कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही पुण्यात आलो, पण आईची बोली तिकडचीच राहिली. "मले काय मालूम? मी बाळंत होत होती, घड्याळ पाहत नव्हती. गाई चरायले सुटल्या होत्या, एवढं ध्यानात हाय."

बाबा मात्र हार मानणारे नव्हते. कॉम्प्युटरवर पत्रिका काढून देणारी दुकानं तेव्हा नवीनच निघाली होती. त्यातल्या स्वारगेटजवळच्या एकात ते मला घेऊन गेले. गाई नक्की कधी सुटतात यावर बाबांची आणि दुकानदाराची गंभीर चर्चा झाली. वेळ थोडी अलीकडे धरली की पडद्यावर कडक मंगळ, थोडी पलीकडे धरली की मंगळ पसार! बाबा खुर्चीत पुढे सरकले. "हां, हीच. आमच्याकडे गाई जरा उशिराच सुटायच्या." प्रिंटरने कर्रकर्र करत रंगीत गणपतीसकट माझं भविष्य बाहेर काढलं.

माझं डोकंच फिरलं. कंपनीत मी टेस्टर होते. जे तपासलं नाही त्याला 'तपासलं' म्हणायचं नाही, याचाच मला पगार मिळायचा. आणि इथे माझा बाप गाई उशिरा सोडून ग्रह हलवत होता! बरं, त्यांना तरी काय बोलणार? पोरीचं लग्न मोडू नये म्हणून त्यांचा जीव तुटत होता.

रविवारी मुलाच्या कोथरूडच्या फ्लॅटवर बैठक बसली. पोहे आले. त्याच्या आईने पत्रिका वाचली, चष्मा काढला आणि त्या म्हणाल्या, "छान जुळतेय. वेळ नक्की ना?"

"नक्की," बाबा म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "ती वेळ आम्ही दुकानात ठरवली. खरी कुणालाच माहीत नाही."

बाबांची मान खाली गेली. मला फार वाईट वाटलं, पण मागे हटायचं नव्हतं.

"मग आम्ही कशाच्या भरवशावर हो म्हणायचं?" त्याच्या आईने विचारलं. "उद्या काही वाईट झालं तर?"

पोह्यांची बशी हातात धरूनच माझी आई बोलली. "बाई, ही झाली तवा ही जगते का मी जगते, तेच कोणाले मालूम नव्हतं. दोघी बसलो तुमच्यासमोर पोहे खात."

"काकू," मी म्हणाले, "वाईट काही होणारच नाही, असं मी लिहून देणार नाही. कुणी देत असेल तर तो थापा मारतोय. झालंच तर मी घरात असेन, एवढं सांगते."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. "अरे, तू बोल की काहीतरी! का तोंडात पोहे आहेत?"

होते. ते गिळून तो म्हणाला, "आई, पुढचं मलाही माहीत नाही. पण लग्न हिच्याशीच."

"मग मला विचारायला कशाला आलात? करा काय करायचं ते," म्हणत त्या चहा टाकायला उठल्या. लग्न झालं. वर्षभर त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या. मीही काही कमी नव्हते.

पुढे मंदी आली आणि आयटीतली माणसं पटापट घरी बसायला लागली. त्याचीही नोकरी गेली. घरात सगळ्यांचीच तोंडं उतरलेली. अशात सासरकडच्या एक नातेवाईकबाई समाचाराला आल्या आणि उसासा टाकून म्हणाल्या, "तरी मी तेव्हाच म्हणत होते, पत्रिका बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका." माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं, पण सासूबाईंनी मला बोलूच दिलं नाही.

"अहो, तुमच्या लेकीचे तर बत्तीस गुण जुळले होते," त्या म्हणाल्या. "जावयाची नोकरी राहिली का?"